‘ना’वरून जपानी गाणं

जपानीच्या क्लासचं स्नेहसंमेलन, म्हणून भेंड्याही जपानी गाण्यांच्या. गाण्याचं नाव आलेल्या अक्षरावरून हवं, एवढीच अट. हेमंत आणि शर्वाणी एकाच संघात होते. त्याने सुरुवात करायची, तिने ओळ उचलायची आणि मग दोघांनी एकमेकांकडे बघून हसायचं! मागच्या खुर्चीवर पाहुणी म्हणून बसलेली हेमंतची बायको वृंदा आतल्या आत जळत होती. घरी बायकोशी दोन शब्द बोलायचे तर या माणसाच्या जिवावर येतं.

‘ना’ आला आणि सगळेच अडले. हेमंतही गप्प. वृंदाला नवल वाटलं. दाढी करताना हा रोज गुणगुणतो ते गाणं ‘ना’वरूनच तर आहे, तिने एकदा नाव विचारलं होतं. आता दाखवतेच, असं ठरवून ती उठली आणि एकाही शब्दाचा अर्थ कळत नसताना अख्खं कडवं खणखणीत गायली.

टाळ्या पडल्या. वृंदाने शर्वाणीकडे मान ताठ करून पाहिलं.

“वा! कुणी शिकवलं तुम्हाला?” क्लासच्या बाईंनी विचारलं.

“यांचंच ऐकून पाठ झालं. तुम्हीच शिकवलंत ना यांना?”

“छे, हे मी कधीच शिकवलं नाही. पुढचं कडवं येतंय का कुणाला?”

बुटाची नाडी सुटलेली नसतानाही हेमंत ती बांधायला खाली वाकला. शर्वाणीचे ओठ मात्र, तिच्याही नकळत, पुढची ओळ पुटपुटत होते.