गच्चीवरच्या प्लेटा

दिवस मावळता मावळता रामराव बादली आणि फडकं घेऊन गच्चीवर चढले आणि सोलरच्या प्लेटा पुसू लागले. शेजारच्या गच्चीवरून बेबीनंदाने हटकलं.

"भाऊ, रोज सकाळी आठला पुसता. आज उलटंच?"

"एक बघायचंय."

मुलगा कल्याण पुण्याला. आई, उषाबाई, गेल्यावर त्याने बदनापूरच्या घरावर सहा प्लेटा बसवून दिल्या. गल्लीतलं ते पाचवं सोलर. कधी किती वीज होते, ते त्याला तिकडे मोबाइलवर दिसतं. एरवी त्याचा फोन रविवारी. पण एकदा गुडघा धरला म्हणून रामराव वर गेले नाहीत, तर सव्वाआठला फोन आला. चतुर्थीला पहाटेच राजूरच्या गणपतीला निघाले, तर एसटीत फोन आला. "काय करून राह्यले नाना?" एवढंच विचारायचा.

बेबीनंदानेच अर्थ लावला होता. "प्लेटा मळल्या की वीज घटते. पोराला बाप न्हाई दिसत, युनिट दिसतात." ती हसत म्हणाली, पण ते रामरावांना लागलं. उषाबाईंच्या मागे त्यांची विचारपूस करणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. तेही विजेसाठी करत असेल, तर कळलेलं बरं.

म्हणून त्यांनी प्लेटा संध्याकाळीच लख्ख करून ठेवल्या. सकाळी वर जायचं नाही. वीज तर बराबर भरणार. मग फोन आलाच नाही, तर बेबीनंदा म्हणते तेच खरं.

सकाळी ते ओट्यावर बसले. मोबाइल मांडीवर. आभाळ स्वच्छ. आठ वाजले. आठ-पाच. आठ-दहा. चहा तसाच गार झाला.

फोन वाजला.

"नाना, काय करून राह्यले?"

"आज वीज कमी भरली का रे?"

"न्हाई. उलट जास्तच भरून राह्यली."

"मंग फोन कामून केला?"



"रोज आठला दहा मिनिटं वीज खाली येते, नाना. मला हितं दिसतं. तुम्ही पुसता तव्हा तुमची सावली पडते प्लेटांवर. आज पडली न्हाई."