आधी आई दाखवा

"पिल्लाची आई कुठंय, हे तुम्ही विचारलंच नाहीत," कालिंदीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.

आमोद बँकेतला, चांगल्या घरचा. पण लेकीच्या वाढदिवसाला पिल्लू हवं आणि ते पांढरंच हवं, एवढंच त्याला ठाऊक. छोटी ईरा रडत रडत गेली. तरी बाई बधल्या नाहीत. पोलादपूरच्या शाळेत तीस वर्षं काढलेली बाई ती. उत्तर चुकलं म्हणजे चुकलं.

सगळ्याला कारण राणी. दोन वर्षांपूर्वी ही पामेरियन कुत्री त्यांना कापडे गावाच्या रस्त्याकडेला सापडली होती. नुसता हाडांचा सापळा, सड लोंबलेले, डाव्या कानाला दोन खाचा. कान कुठल्या कुंपणाच्या तारेत अडकला असेल, असं बाईंना वाटलं. गुरांच्या डॉक्टरांनी मात्र पोट चाचपून सांगितलं, "हिला कुणीतरी पिंजऱ्यात घालून नुसती पिल्लं काढलीत."

हिचं एकही पिल्लू असल्या माणसाच्या हाती पडू द्यायचं नाही, हे बाईंनी त्याच दिवशी ठरवलं.

यंदा राणी व्यायली. दोन नर ओळखीत गेले. उरल्या दोन माद्या. त्यांना सहसा कुणी विचारत नव्हतं.

दुपार कलताना दत्ताराम नावाचा एक अनोळखी माणूस पिल्लू बघायला आला. धुतलेला सदरा, हातात टोपी. ओटीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "बाई, आधी आई दाखवा."

बाईंनी चमकून पाहिलं. एवढ्या दिवसांत असं म्हणणारा हा पहिलाच.

"अडली नाय ना? दूध समद्या सडांना हाय?" तो एकेक विचारत गेला. "पिल्लं दोन महिन्यांची झाली ना? आईपासून लवकर तोडली की अंग धरीत नाय."

राणी परक्या माणसावर घसा फुटेस्तोवर भुंकायची. दत्तारामला पाहून ती गप्प झाली. सरपटत पुढं आली आणि पोट वर करून पडून राहिली. त्यानं हलक्या हातानं पोट चाचपलं.

"गुणाची हाय," तो म्हणाला.

चला, राणीनंही पसंत केला, बाईंना वाटलं.

"माद्या आहेत बरं का दोन्ही."

"माद्याच बऱ्या. आन् एक कशाला, दोघी द्या. एकटीला करमायचं नाय."

बाईंचे डोळे भरून आले. पैसे त्यांनी हातातसुद्धा घेतले नाहीत. "फक्त जपा यांना."

"जपणार तर. जन्मभर माझ्याकडंच ऱ्हातील."

तो गेला आणि बाईंच्या लक्षात आलं, फडकं ओटीवरच राहिलं. नव्या जागी पिल्लांना आईचा वास यावा म्हणून त्यांनी ते मुद्दाम राणीखाली अंथरलं होतं. ते घेऊन त्या लगबगीनं नाक्याकडं निघाल्या. असं विचारायचं असतं, हे आमोदला एकदा सांगायला हवं, असं त्यांच्या मनात आलं.

नाक्यापलीकडं झाडाच्या सावलीत जीप उभी होती. मागच्या फळीवर दत्ताराम पाठमोरा बसला होता. त्याच्या मांडीवर एक पिल्लू किंचाळत होतं.

"अहो दत्ताराम, फडकं राहिलं!"

तो वळला. हातातलं ब्लेड त्यानं सदऱ्याला पुसलं. दुसरं पिल्लू त्याच्या पायाशी थरथरत बसलं होतं, आणि त्या पिल्लाच्या डाव्या कानाला दोन ताज्या खाचा होत्या.