शून्य सेकंद

पुण्याच्या ऑफिसात दुपारी पेढे वाटले जात होते. राजापूर तालुक्यात वेबसाइटचं पान उघडायला लागणारा वेळ अखेर शून्य सेकंदांवर आला होता. माणूस पुढच्या तासाभरात काय उघडणार हे यंत्राला आधीच कळायचं, आणि बोट लागायच्या आत पान तयार असायचं. यंत्र कधी चुकलं नव्हतं. पान पडद्यावर यायला सगळीकडे अर्धा सेकंद लागायचा, पण राजापूर फारच रखडायचं, म्हणून पावसकर सर वैतागलेले असत.

मृण्मयीने पेढा तसाच खाली ठेवला. ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे तिने चाचणीसाठी घरचं, म्हणजे राजापूरला राहणाऱ्या आईचं खातं जोडलं होतं. या वेळी त्यात रोज दुधाचं, फुलांचं, मालिकेचं पान तयार असे. आज तिथे काहीच नव्हतं; सगळ्या तालुक्याच्या यादीतही नाही.

"सर, पानं लवकर उघडतायत म्हणून शून्य आलेलं नाहीये. राजापुरात एकही पान तयारच होत नाहीये."

"म्हणजे?"

"तासाभरात तिथलं कुणीच काही उघडणार नाहीये."

पावसकरांचा हात पेढ्यांच्या खोक्यावरच थांबला. तिने आईला फोन लावला.

"आई, आहेस तशी घराबाहेर पड."

"अगं, पण झालंय काय? आणि जाऊ कुठे?"

काय होणार ते मृण्मयीलाही ठाऊक नव्हतं. "कोल्हापूरच्या गाडीत बस," म्हणत तिने भिंतीवरच्या, गावोगावचे सेकंद दाखवणाऱ्या नकाशाकडे पाहिलं. कोल्हापूर शून्य झालं होतं. पाठोपाठ सातारा.

मागच्या टेबलावरून कुणीतरी खुशीत म्हणालं, "सर, पुणंही आलं शून्यावर."