दुसरा आवाज

टंचाईच्या त्या वर्षांत ओतिलियाने हवानातल्या आपल्या दोन खोल्यांत, न्हाणीघराच्या टबात, चोरून डुक्कर वाढवलं होतं. कुणी पकडलं तर ते जप्त होणार, वर दंड, आणि नववर्षाच्या पंगतीला नुसता भात.

एका दुपारी दारावर थाप पडली. तिने फटीतून पाहिलं. हातात वही घेतलेला एक म्हातारा कानामागे तळवा धरून आतली चाहूल घेत होता. हा तपासनीसच, असं तिला वाटलं. नेमकं तेव्हाच डुक्कर भुकेने ओरडू लागलं.

"ओतिलियाबाई, जरा चौकशी करायची होती!"

ओरडणं झाकायला तिला काहीच सुचेना. तिने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. पहिला आवाज तिचा, दुसरा धाकट्या हासिंताचा, असं दोघी बहिणी जलशांत गात. हासिंता गेल्यापासून तीस वर्षं तिने गाण्यासाठी ओठ उघडले नव्हते. डुक्कर किंचाळलं की ती सूर चढवी.

"बाई, दार तरी उघडा!"

"गाणं अर्धवट टाकायची सवय नाही मला!"

शेवटी दम संपला. तिने कडी काढली.

म्हाताऱ्याने डोळे पुसले. "मी एवारिस्तो, गिटारवाला. आमच्या वेळचे गायक शोधतोय, रेकॉर्ड काढायचीय. बाई, काय गायलात हो!"

तिचा जीव भांड्यात पडला.

त्याने पुन्हा कानामागे तळवा धरला.



"पण हासिंताबाई गेल्या म्हणत होते लोक. त्यांनाही बोलवा ना बाहेर, अजून गातायत आत!"