पासंग

कलमकाराने चौथ्या रोपाच्या खोडावर नख ओढले. साल सुटली आणि आत तपकिरी रेघ उमटली. तो पाचव्याकडे वळला. तेथे नखाखाली ओला हिरवा रंग दिसला.

"हे जिवंत आहे, वहिनी," तो म्हणाला. आवाज त्याने नकळत खाली आणला होता.

वहिनी स्वयंपाकघराच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

थंडी सोसणारे वाण कोणते, हे पाहण्यासाठी त्यांच्या यजमानांनी अंगणात ॲव्होकाडोची पाच रोपे लावली होती. यजमान वजनमापांचे तपासनीस. दुकानदाराने पारड्याखाली चोरून चिकटवलेला मेणाचा पासंग त्यांच्या बोटांना न पाहता सापडे. निवृत्तीनंतर ती करडी नजर या रोपांवर आली. नियम एकच होता: हिवाळ्यात कोणावर गोणपाट नाही, गवत नाही. झाकले की परीक्षा संपली, असे ते म्हणत. सात आठवड्यांपूर्वी, हिम पडले त्या पहाटे, पाचव्या रोपाशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी देह ठेवला. भिंतीवरच्या तापमापकाचा किमान दाखवणारा काटा अजून उणे आठवरच होता. तो मागे घ्यायला कोणाचा हात झाला नव्हता.

'फुएर्टे' गेले याचे कलमकाराला नवल वाटले नाही, ते नाजूकच. 'बेकन' आणि 'ड्यूक' तग धरतील असे त्याला वाटले होते, पण तीही गेली. खरी भिस्त चौथ्यावर, 'मेक्सिकोला'वर होती. त्याच्या बुडाशी कोंब होते, पण ते सांध्याच्या खालचे, म्हणजे खुंटाचे. त्या खुंटावर बांधलेले कलम मेले होते. पाचव्याला मात्र वाणाचे नावच नव्हते. तपासनिसांनी खाल्लेल्या एका फळाची कोय रुजवून ते वाढवलेले. कलमकाराने त्याचे पान चुरडून नाकाशी धरले. थंडीला खंबीर असलेल्या जातीच्या पानाला बडीशेपेचा वास येतो. या पानाला कसलाच वास नव्हता.

"वास नाही, अंगात जोर नाही, आणि उणे आठात उभं राहिलं," तो म्हणाला. "साहेबांनी जाता जाता आम्हा कलमवाल्यांना लाजवलं बघा."

त्याने तपासनिसांची रोपांच्या नोंदींची वही उघडली. शेवटची ओळ हिमाच्या आदल्या संध्याकाळची होती: आज हिम पडणार. पाचही रोपे उघडी.

"आता याला कोण खोटं म्हणेल? साहेबांचा शब्द म्हणजे शिक्का मारलेलं वजन."

मग तो भरभरून बोलत राहिला. त्याच्या रोपवाटिकेत कलम बांधायला दोनशे खुंट तयार होते. वर डोंगरावरच्या वस्तीतल्या घरांची लागोपाठ दोन हिवाळ्यांत रोपे जळाली होती. जे वाण तगेल त्याच्या कलमांसाठी त्यांनी आधीच नावे नोंदवली होती. बोलता बोलता त्याने खिशातून पत्र्याची लहान पट्टी काढली. जगलेल्या रोपाच्या कलमांना द्यायचे म्हणून तिच्यावर तपासनिसांचे नाव त्याने आधीच ठोकून आणले होते. पट्टी वहिनींच्या हातात देऊन त्याने चाकू उघडला आणि खुंटांवर बांधायच्या कलमकाडीसाठी फांदी निवडू लागला.

वहिनींच्या मागे, दाराआडच्या खुंटीवर, यजमानांचा कोट होता. सात आठवडे त्या त्याच्याकडे पाठ करूनच ये-जा करीत. चुकून नजर गेलीच तर उजवी बाही किंचित पुढे आलेली वाटे, बटण लावायला निघाल्यासारखी. अंगणात पाहावे तर पाचवे रोप खांदे पाडून उभे. यजमान तसेच उभे राहत.

त्या पहाटे कोट तपासनिसांच्या अंगावर नव्हता. तो रोपावर होता. बटणे खालून वर लावलेली, गळ्याचे तेवढे सोडलेले, शेंडा गुदमरू नये म्हणून. ते स्वतः नुसत्या सदऱ्यात बसले होते. वहिनींनी कोट उतरवून त्यांच्या अंगावर घातला आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली. लपवावे असे काही मनात नव्हते. यांना गार लागत असेल, एवढेच सुचले होते. पुढे सांगायचे राहिले, आणि राहता राहता ते लपवलेले झाले.

चाकूचे पाते फांदीला टेकले.

"थांबा, भाऊजी."

त्या आत गेल्या आणि कोट घेऊन आल्या. अस्तराला एक वाळके पान चिकटलेले होते.

"त्या रात्री हा याच्या अंगावर होता," त्या म्हणाल्या. "पासंग समजा."

कलमकाराने कोटाकडे पाहिले, वहीकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "वहिनी, मी हे ऐकलंच नाही असं समजा. वहीत उघडी लिहिलंय. साहेबांचं नाव राहील."

"वस्तीतल्या लोकांकडे दोनशे कोट आहेत का?"

त्याने चाकू मिटला. पाते आत गेल्याचा आवाज अंगणभर ऐकू आला.

"नियम त्यांचाच," तो म्हणाला. "मग याच्याचसाठी का मोडला?"

"सगळ्यांत कच्चं हेच होतं."

वहिनींनी पट्टी त्याला परत केली आणि त्याच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली. शेवटच्या ओळीतला 'पाचही' त्यांनी खोडला, वर 'चार' लिहिले आणि वही मिटली. जाताना कलमकार फाटकापाशी घुटमळला. आजही रात्री पारा उतरेल, एवढे सांगून तो गेला.

ऊन भिंतीवरून निघून गेल्यावर वहिनी रोपाजवळ आल्या. त्यांनी कोट झटकला आणि रोपावर चढवला. बाह्या दोन्ही बाजूंना लोंबत राहिल्या. खालून वर, एकेक करीत, त्यांनी बटणे लावली. गळ्याचे तेवढे सोडले.