सह्यांवरची कोरी जागा

"सही करा, ताई. तुमची एक झाली की आकडा पुरा." पक्षाच्या साहेबांनी स्वतःचं पेन पुढे केलं.

राज्यसभेच्या खासदार सगुणाताईंनी कागद पाहिला. वर 'राष्ट्रपतींवर महाभियोगाची सूचना', खाली दाटीवाटीने एकसष्ट सह्या आणि मध्ये चार बोटं कोरी जागा सोडलेली.

"कारण कुठंय?"

"राज्यघटनेचा भंग, एवढं एकच कारण चालतं. वकील नंतर बसवतील काहीतरी."

असल्याच कोऱ्या कागदावर सह्या घेऊन मग वर लिहिलेल्या अविश्वास ठरावाने ताईंचं सरपंचपद गेलं होतं.

"राष्ट्रपतींनी आपलं विधेयक परत पाठवलं, त्याचाच राग ना?"

"मग कशाचा? राज्यसभेवर परत यायचंय ना तुम्हाला? करा सही."

ताईंनी पेन घेतलं. त्या कोऱ्या जागेत त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'विधेयक फेरविचारासाठी परत पाठवण्याचा, घटनेनेच दिलेला अधिकार राष्ट्रपतींनी वापरला.'

मग एकसष्ट सह्यांखाली आपली सही ठोकून त्यांनी कागद साहेबांपुढे सरकवला.

"घ्या. आकडा पुरा झाला."