फोनशेजारचा कागद

साऱ्या शहराचे नळ नीट करणाऱ्या त्या प्लंबरला आईकडे फिरकायला सवड म्हणून मिळत नव्हती. दर आठवड्याला तिचा फोन यायचा. "नुसतं गळतंय म्हणू नकोस गं, नेमकं काय बिघडलंय ते सांग," तो वैतागायचा. मग ती वॉशर, बॉलकॉक, अँगल कॉक अशी नावं घेऊ लागली. तो फोनवरच उपाय सांगायचा. "थांबलं बघ!" म्हणून ती जरा वेळ बोलत राहायची.

आई गेल्यावर तो पाना घेऊन आला. सगळे नळ ठणठणीत. एकाही नटावर साधा ओरखडा नव्हता.

फोनशेजारच्या कागदावर प्लंबिंगच्या सामानाची यादी होती. एकेक नाव खोडलेलं, आणि खाली तिच्याच अक्षरात:



"आता काय बिघडलं म्हणून सांगू?"